बिनवासाचा गॅस

केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले, पण पहिली नोकरी मला मिळाली ती वडिलांच्या भिक्षुकीवर. नव्वदचं दशक संपत आलं होतं. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत फुलांपासून सुगंध काढणारा एक छोटा कारखाना निघत होता. मुलाखतीला गेले तर मालकांनी माझी मार्कलिस्ट दूर धरून पाहिली, मग जवळ धरून पाहिली आणि बाजूला ठेवून विचारलं, "पंचवटीत राहता? घरी काय असतं?"

"वडील भिक्षुकी करतात. रामकुंडावर यात्रेकरूंची कामं असतात."

"मग उत्तमच. मशीन बसवायचा मुहूर्त त्यांच्याकडून काढून आणा. सोमवारपासून या."

मालकांचा मूळ धंदा बेदाण्याचा. एका परदेशी सहलीत त्यांना कुणीतरी फुलांच्या अर्काची एवढीशी बाटली दाखवली आणि तिचा भाव सांगितला. परत आले ते अत्तराचे कारखानदार होऊनच. नाशिकचं जुनं नाव गुलशनाबाद, हे त्यांना त्याच सुमारास कळलं असावं, कारण त्यानंतर ते कुणालाही सोडेनात. चहावाल्याला सांगायचे, बँकेच्या शिपायाला सांगायचे. मलाही सांगितलं, मी नाशकातच जन्मले होते.

काम असं होतं. मखमलाबादकडचे शेतकरी सकाळी निशिगंध नि मोगरा आणून टाकत. फुलं एका जाड पोलादी टाकीत भरायची, झाकण घट्ट बसवायचं आणि आत दाबाखाली पातळ केलेला गॅस सोडायचा. घरच्या शेगडीत जळतो त्याचाच भाऊबंद. दाब असेपर्यंत तो पाण्यासारखा वाहतो आणि फुलांतला सुगंध मेणासकट विरघळवून घेतो. पुढच्या भांड्यात दाब उतरवला की गॅस उडून जातो, तो पकडून पुन्हा वापरायचा. मागं उरतो लोण्यासारखा सुगंधी गोळा. या गोळ्याला धंद्यात काँक्रीट म्हणतात. त्यामुळं आमच्या नात्यात बातमी पसरली, की भटजींची मुलगी काँक्रीटच्या कंपनीत लागली. एका मावशीनं माझ्या हाताला घट्टे पडलेत का ते उलटसुलट करून पाहिलं.

घरच्या गॅसला वास येतो, कारण तो मुद्दाम घातलेला असतो. गळती कळावी म्हणून. आम्हाला तसला घाणेरडा वास घालून चालणार नव्हतं. निशिगंधाच्या अर्काला सडक्या कोबीचा वास आला तर घेणार कोण? म्हणजे आमचा गॅस दिसत नव्हता, त्याला वास नव्हता, हवेपेक्षा जड असल्यामुळं तो जमिनीलगत सरपटायचा आणि कुठं ठिणगी मिळते का ते शोधायचा. मालकांचा मात्र नाकावर अढळ विश्वास. शेडच्या दारात उभं राहून ते दोन मोठे श्वास घेत आणि जाहीर करत, "काही नाही. ऑल राइट."

मला शिकवायला ठाण्याहून एक साहेब आले होते. ज्या कंपनीनं मशीन बनवलं तिचे निवृत्तीला टेकलेले इंजिनिअर. दोन महिने राहून आम्हाला तयार करायचं आणि जायचं, असा करार. चेहरा सदैव दाढ दुखत असल्यासारखा. पहिल्या दिवशी मी दिवाळीचा नवा, चमचमता पंजाबी ड्रेस घालून गेले. साहेबांनी 'नमस्कार'सुद्धा घेतला नाही.

"हे कापड कशाचं आहे?"

"पॉलिस्टर, सर."

"घरी जा."

"पण सर, नवीन आहे हो."

"म्हणूनच. जळलेला नवा ड्रेस बघवत नाही."

नोकरीचा पहिला दिवस असा सिटी बसमध्ये गेला. दुसऱ्या दिवशी विटका सुती ड्रेस घालून, हातातल्या बांगड्या काढून गेले, तेव्हा साहेबांनी समजावलं. थंडीत स्वेटर काढताना चट्चट् आवाज येतो ना, ती ठिणगीच. घरी तिची गंमत वाटते. इथं तेवढीसुद्धा पुरते.

नेमक्या त्याच आठवड्यात मालकांनी आमच्यासाठी गणवेश आणले. निळे, तुळतुळीत, टेरिकॉटचे. पाठीवर इंग्रजीत ठळक 'सेफ्टी फर्स्ट'. साहेबांनी एक हातात घेऊन चोळला, घडी घालून परत खोक्यात ठेवला.

"यातला एकही शेडमध्ये येता कामा नये."

मालक दुखावले. "अहो, पण पाठीवर सेफ्टी लिहिलंय की!"

माझ्या जोडीला एक ऑपरेटर होता. दिंडोरीकडचा, वेल्डिंगच्या दुकानात बरीच वर्षं काढलेला. 'भीती' या शब्दाचाच त्याला राग. "मॅडम, आपण लय गॅस पाह्यला हाय. गॅस आपल्याला वळखतो." साहेब बोलू लागले की तो भिंतीला टेकून गालातल्या गालात हसायचा. एक दिवस साहेबांनी अंगणात पत्र्याची उतरती पन्हळ मांडली. खालच्या टोकाशी मेणबत्ती लावली आणि आम्हाला लांब उभं केलं. वरच्या टोकाला त्यांनी डब्यातून काहीतरी ओतल्यासारखं केलं. डब्यातून पडताना काहीच दिसलं नाही. ऑपरेटर हसलाच. तेवढ्यात मेणबत्तीची ज्योत खालून वर, पन्हळीतून सरळ साहेबांच्या दिशेनं धावत गेली आणि भप् करून विझली. साहेब आधीच बाजूला झाले होते. ऑपरेटरचं हसू जेवणाच्या सुट्टीपर्यंत परतलं नाही. सुट्टीनंतर मात्र परतलं.

शिकणं म्हणजे बहुतेक वेळ कंटाळाच असायचा. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावायचं आणि बुडबुडा येतो का ते बघत बसायचं. टाकीतली हवा आधी बाहेर घालवायची, मगच गॅस आत. गॅसची चावी, म्हणजे व्हॉल्व्ह, झटक्यानं उघडायची नाही. दाबाचा काटा बघायचा, कान द्यायचा, हातमोज्याशिवाय पाइपला शिवायचं नाही, कारण दाब उतरला की पाइप इतका गार पडतो की कातडी चिकटते. आणि हात लावण्याआधी पुढची कृती मोठ्यानं म्हणायची, हा साहेबांचा खास हट्ट. "आता मी खालची चावी बंद करते. बंद झाली. आता काटा बघते." एकदा मालक दारावरून जात होते. मी डोळे मिटून सगळा क्रम घोकत होते. ते थबकले, हात जोडले आणि म्हणाले, "वा! घरचे संस्कार लपत नाहीत."

पहिल्यांदा मी स्वतः गॅस सोडायची वेळ आली तेव्हा माझा हात चावीवर नुसता पडून राहिला.

"उघडा," साहेब म्हणाले.

"सर, आज तुम्ही... मी उद्या करते."

"मी जाणार आहे. टाकी इथंच राहणार आहे."

मी क्रम मोठ्यानं म्हटला आणि चावी थोडीशी फिरवली. पाइपात बारीक शीळ सुरू झाली. टाकी मांजरासारखी गुरगुरली. पुढच्या पाइपावर बघता बघता पांढरं दव गोठलं. मला वाटलं होतं, एकदा केलं की भीती जाईल. तसं काही झालं नाही. पण ती छातीतून उतरून हातात आली, आणि हातात आलेल्या भीतीनं काम नीट होतं, एवढं त्या दिवशी कळलं. साहेब म्हणाले, "ठीक." त्यांच्याकडून ही शाबासकीच होती.

शेडमध्ये घोट्याएवढ्या उंचीवर गॅस ओळखणारं एक यंत्र बसवलं होतं. गॅस पसरला की ते लाल दिवा लावून भोंगा वाजवायचं. झालं असं, की मालक शेडमध्ये आले की ते हमखास वाजायचं. मालक अंगावर परदेशी सेंट इतका मारत, की ते येण्याआधी त्यांचा वास येई आणि ते गेल्यावर दुपारपर्यंत राही. पाहुण्यांना गुलशनाबाद ऐकवत ते आत शिरले, की भोंग्यानं बोंब ठोकलीच.

"हे माझ्यावरच का भुंकतं?" त्यांनी चिडून विचारलं.

"त्याला तुमच्या सेंटमधलं अल्कोहोलही कळतं," साहेब म्हणाले. "सेंट न लावता येत जा."

"म्हणजे सुगंधाच्या कारखान्यात सुगंध लावायचा नाही?"

दोन महिने संपले. निघताना साहेबांनी माझ्या हातात ठिणगी न उडवणारा पितळी पाना दिला. "हा जपा. लोकांच्या हाताला लोखंडी पाना आधी लागतो." एवढं बोलून ते ठाण्याच्या एस.टी.त बसले.

साहेबांची एस.टी. कसारा घाट उतरली असेल-नसेल, तोच ऑपरेटरनं त्या यंत्रावर मिठाईच्या दुकानातली प्लास्टिकची पिशवी चढवून वर रबर लावलं. मालकांचा हुकूम होता. मी पिशवी काढायचे, तो घालायचा. मी मालकांकडे गेले.

"ताई, पाहुणे येतात नि ते बोंबलतं. भिंतीवर आहे ना? राहू द्या की. दिसायला चांगलं दिसतं."

असं करत करत खंडेनवमी आली. हत्यारं-अवजारं पुजायचा दिवस. मालकांनी कार्यक्रम आखला होता: टाकीवर स्वस्तिक, टाकीसमोर समई, धूप, कापूर, आणि शेडभर रंगीत दिव्यांच्या माळा. नगरसेवक येणार, फोटोग्राफर येणार. पूजेला पंचवटीचे गुरुजी हवेत म्हणून त्यांनी माझ्या वडिलांनाच सांगून टाकलं होतं. मी म्हणाले, आत ज्योत नको.

"त्या दिवशी प्लांट बंदच असणार. मग गॅस येणार कुठून?"

"प्लांट बंद असला तरी पाइपात गॅस दाबाखाली असतोच, शेठ."

"ताई, बेदाण्याच्या मशीनची पूजा मी इतकी वर्षं केली. काही झालं? आणि देवाच्या दिव्यानं कधी कुणाचं वाईट होतं का?"

मी पंचवटीत वाढले होते. देवाच्या दिव्यावर पेटलेले पदर लहानपणापासून पाहत आले होते. पण हे त्यांना सांगायची ती वेळ नव्हती.

घरी येऊन वडिलांना सगळं सांगितलं. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. ते पाटावर बसून सुपारी कातरत होते.

"अण्णा, तुम्ही त्यांना सांगा, की शास्त्रात बसत नाही."

"शास्त्रात गॅस नाही, तर न बसायचा प्रश्न कुठून येतो? मी खोटं सांगणार नाही." मग त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "दिसत नाही म्हणतेस? वासही नाही?"

"नाही. जमिनीवरून सरपटतो. ज्योत सापडली की आल्या वाटेनं उलटा पेटत येतो."

"अवघड यजमान आहे," अण्णा म्हणाले. "हे बघ, पूजेत जे मिळालं नाही त्याच्या जागी अक्षता वाहायची सोय आहे. वस्त्र नसलं तर अक्षता, अलंकार नसले तर अक्षता. दिव्याच्या जागीही चालतील. हे मात्र मी खरं सांगू शकतो."

खंडेनवमीच्या सकाळी मी लवकर पोचले. ऑपरेटर आधीच सजावटीला लागला होता. झेंडूचं तोरण बांधायला वरती हात पोचत नव्हता, म्हणून तो गॅसच्या पाइपवर उभा राहिला होता. मला पाहून खाली उतरला. मी सवयीनं यंत्रावरची पिशवी काढली. लाल दिवा लागला आणि भोंगा सुरू झाला.

"शेठ आले वाटतं," तो म्हणाला.

आम्ही दोघांनी फाटकाकडे पाहिलं. रस्ता रिकामा होता. शेठची गाडी नाही, शेठचा वास नाही. त्याच्या हातात दिव्यांच्या माळेची पिन होती, आणि हात भिंतीवरच्या प्लगपासून वीतभर लांब.

"ती खाली ठेवा," मी म्हणाले. "हळू. बटणाला हात लावू नका. बाहेर चला."

त्यानं ती पिन तान्ह्या पोराला झोपवावं तशी जमिनीवर ठेवली. आम्ही दार सताड उघडं टाकून बाहेर आलो. गॅसची मुख्य चावी साहेबांनी हट्टानं शेडच्या बाहेर बसवून घेतली होती. "आता मी मुख्य चावी बंद करते," मी मोठ्यानं म्हणाले आणि बंद केली. शेडची वीजही बाहेरच्या पेटीवरून तोडली. भोंगा बॅटरीवर चालायचा, तो कोकलतच राहिला. ऑपरेटर फाटकापाशी उकिडवा बसला. त्याच्या वरच्या खिशात काडेपेटी होती. त्यानं ती काढली, तिच्याकडे पाहिलं आणि माझ्या हातात दिली. गॅस आपल्याला वळखतो, हे वाक्य त्यानंतर मी त्याच्या तोंडून ऐकलं नाही.

एवढ्यात गाड्या आल्या. मी फाटक लावून घेतलं आणि गाड्या रस्त्यापलीकडे उभ्या करायला लावल्या. मालक रेशमी झब्ब्यात उतरले.

"ताई, हा काय प्रकार? पाहुण्यांसमोर?"

"आत गॅस पसरलाय. कुणीही आत जायचं नाही. सिगारेट नको, गाडी परत चालू करू नका."

मालकांनी फाटकातूनच दोन श्वास घेतले. "काही नाही. ऑल राइट. उघडा."

तेव्हा अण्णा रिक्षातून उतरले. बगलेत पूजेची पिशवी, अंगावर सुती धोतर-उपरणं. त्यांनी भोंगा ऐकला, माझं तोंड पाहिलं आणि रस्त्यापलीकडच्या मोकळ्या प्लॉटकडे बोट दाखवलं. "पूजा तिथं होईल."

"गुरुजी, असं कसं? मशीनची पूजा आहे. समई टाकीसमोर लावायचीय."

"समई लागणार नाही. दिव्याच्या जागी अक्षता वाहीन."

"असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय?"

"अक्षतांचं शास्त्रात आहे. आणि एक शास्त्राच्याही आधीचं आहे, यजमान. पूजेच्या शेवटी दक्षिणा द्यायला यजमान शिल्लक असावा लागतो." अण्णा रागावले नव्हते. "पटत नसेल तर दुसरे गुरुजी बघा."

खंडेनवमीला सकाळच्या मुहूर्तावर अख्ख्या नाशकात मोकळा गुरुजी मिळणं अशक्य होतं. हे अण्णांना ठाऊक होतं आणि मालकांनाही. नगरसेवकांनी घड्याळ पाहिलं. मालकांनी सतरंजी प्लॉटवर अंथरायला लावली.

आता पुजायचं काय, हा प्रश्न आला. मशीन आत, आम्ही बाहेर. माझ्या पिशवीत पितळी पाना होता. तो पाटावर ठेवला, त्याला हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल वाहिलं. अण्णांनी धुपाच्या जागी अक्षता वाहिल्या, दिव्याच्या जागी अक्षता वाहिल्या, आणि मागं भोंगा अखंड चालू. एका पाहुण्यांनी शेजारच्यांना विचारलं, "शंखाची रेकॉर्ड लावलीय का?" नगरसेवक भाषणाला उभे राहिले. भोंग्याच्या वर आवाज काढून त्यांनी औद्योगिक प्रगतीवर बोलायला सुरुवात केली. ते ऐन रंगात आले आणि भोंगा एकाएकी थांबला. वाऱ्यानं शेड धुऊन काढली होती. भाषणातलं 'शेतकऱ्यांचं भलं' हे एवढंच त्या शांततेत खणखणीत ऐकू आलं.

मालकांनी हात जोडले. पाणावल्या डोळ्यांनी ते पाहुण्यांना म्हणाले, "बघितलंत? पूजा झाली नि मशीन शांत झालं."

मी आणि अण्णांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

दुपारी पाहुणे गेल्यावर जोडावर साबणाचं पाणी लावलं. ऑपरेटर उभा राहिला होता तिथंच, उतू जाणाऱ्या दुधासारखा फेस आला. पाइपात उरलेला गॅस बाहेर काढून मी जोड पितळी पान्यानं आवळला. हळदकुंकू अजून त्याला लागलेलं होतं, ते माझ्या बोटांनाही लागलं. मला तेव्हा कुठं घाम फुटला.

त्यानंतर खंडेनवमीची पूजा दर वर्षी प्लॉटवर, बिनदिव्याची झाली. "आमच्याकडे तशी परंपरा आहे," असं मालक सांगत. माझ्या सांगण्यानं वर्षभरात जे झालं नव्हतं ते परंपरेनं एका सकाळीत झालं. मीही शहाणी झाले. पिशवी काढायला लावायची होती, तेव्हा मी मालकांना म्हणाले, ज्या यंत्रानं पूजेच्या दिवशी कौल दिला त्याचं तोंड बांधणं बरं दिसत नाही. पिशवी त्याच दिवशी गेली. मालक सेंट लावून दारातच उभे राहू लागले.

पुढं काही वर्षांनी त्यांना कळलं, की गुलशनाबादपेक्षा लग्नाच्या लॉन्समध्ये जास्त पैसा आहे. तेव्हा नाशकात जिकडंतिकडं लॉन्स निघत होते. मशीन भंगारात विकायचं ठरलं. कटरवाले तीन भाऊ टाकी ज्योतीनं कापायचं सामान घेऊन सकाळीच हजर झाले.

"मॅडम, टाकी तर रिकामी हाय," थोरला म्हणाला.

"रिकामी आहे म्हणूनच," मी म्हणाले. "भरलेल्या टाकीत हवा नसते. रिकामीत गॅस उरतो आणि हवाही शिरते. पाण्यानं काठोकाठ भरल्याशिवाय ज्योत पेटणार नाही."

मालकांनी घाई केली, मोबाइलवरून तीनदा ओरडले. टँकर यायला दुपार झाली. तोवर मी शेडच्या दारात खुर्ची टाकून डबा खाल्ला. कटरवाले झाडाखाली पत्ते खेळत होते आणि मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बायकांच्या भित्रेपणावर बोलत होते. पाणी चढलं, वरच्या झाकणातून ओसंडून खाली वाहू लागलं. तळाशी कुठून तरी एक मोठा बुडबुडा डबक् करून वर आला आणि फुटला.

"ह्यो काय व्हता?" थोरल्यानं विचारलं.

"तोच," मी म्हणाले.

त्यानं पत्ते खिशात घातले. आणखी पाणी सोडायला त्यानंच टँकरवाल्याला ओरडून सांगितलं.